मराठी कवितेतील कष्ट

मराठी कवितेत कष्टांकडे पाहण्याची नजर एक नाही. कुणासाठी कष्ट ही पूजा आहे, कुणासाठी उन्नतीची पायरी. कुणाला ती बायाबापड्यांची रोजची ओढाताण वाटते, तर कुणाला सरळ लूट. तेराव्या शतकातील संतांपासून विसाव्या शतकातील कामगार, दलित आणि ग्रामीण कवींपर्यंत या भूमिका एकमेकींना छेद देत आल्या आहेत. प्रत्येक कवितेला दोन प्रश्न विचारले की या भेदाचा उलगडा होऊ लागतो : राबतो कोण, आणि त्या राबण्याचे फळ जाते कुणाच्या घरी?

जात्यावरची ओवी

कष्ट आणि कविता यांचे मराठीतील सर्वांत जुने नाते जात्याजवळ आणि उखळाजवळ सापडते. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ (११२९) या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे. म्हणजे ज्ञानेश्वरी (१२९०) लिहिली जाण्याच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी हा छंद बायकांच्या कामात रुळलेला होता.

दळण पहाटेचे. दोघी समोरासमोर बसत, एका हाताने खुंटा ओढत, दुसऱ्या हाताने मूठमूठ धान्य जात्याच्या तोंडात वैरत. ओवीचा चरण जात्याच्या फेऱ्याबरोबर चाले आणि दम लागला की सूरही थांबे. अशा कवितेत कष्टांचा गौरवही नसतो आणि धिक्कारही नसतो. ‘पहिली माझी ओवी’ म्हणून देवाचे नाव घेतले जाते. मग माहेर येते, भाऊ येतो, सासूचा जाच येतो, लेकीची काळजी येते. दळण हा विषय नसून बोलण्याची जागा असते. घरात दिवसभर तोंड उघडायची सोय नसलेल्या बाईला पहाटेच्या त्या घरघरीत आपले बोलणे मोकळे करता येत होते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुणे जिल्ह्यापासून सुरुवात करून गावोगाव अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गिरणीचे पीठ घरोघर आले, बाईच्या खांद्याचे दुखणे कमी झाले. पण ओवी गाण्याचे निमित्तही त्याबरोबर गेले.

संतांची भूमिका : कर्म हीच पूजा

वारकरी परंपरेतील श्रमविचाराचा पाया ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायातील एका ओवीत आहे : ‘तया सर्वात्मका ईश्वरा । स्वकर्मकुसुमांची वीरा । पूजा केली होय अपारा । तोषालागीं ॥’ आपल्या वाट्याचे काम हेच फूल आणि तेच देवाला वाहायचे, असा हा विचार. संतमंडळीतील कसबी माणसांनी तो आपापल्या हत्यारांच्या भाषेत उतरवला. अरणचे सावता माळी (१२५०–१२९५) यांनी ‘कांदा मुळा भाजी । अवघी विठाबाई माझी’ म्हटले आणि पुढे मोट, नाडा, विहीर, दोरी यांत अवघी पंढरी पाहिली. सेना न्हावी ‘आम्ही वारीक वारीक । करू हजामत बारीक’ म्हणत विवेकाचा आरसा दाखवतात. नरहरी सोनार देवाच्या नामाचाच व्यवहार मांडतात. पंढरीला जायला सवड नाही ही कष्टकऱ्याची खंत या अभंगांनी पुसून टाकली, त्याचा वाफा हेच तीर्थ ठरवले. सामान्य माणसाला यातून केवढी प्रतिष्ठा मिळाली असेल, याचा अंदाज आजही सावत्याचा अभंग म्हणणाऱ्या शेतकऱ्याच्या चेहऱ्यावरून येतो.

जनाबाईंच्या अभंगांत हाच विचार वेगळ्या ठिकाणी पोचतो. त्या नामदेवांच्या घरच्या दासी. ‘दळिता कांडिता । तुज गाईन अनंता’ ही ओळ कर्म हीच पूजा म्हणणाऱ्या परंपरेत बसते. ‘झाडलोट करी जनी । केर भरी चक्रपाणी’ ही ओळ मात्र तिच्या पलीकडे जाते. इथे देव पूजा घेत नाही, कामाला हात लावतो. जात्याचा खुंटा दुसऱ्या बाजूने धरायला जनीला कुणी माणूस मिळत नाही, म्हणून तिच्या कवितेत विठ्ठल येऊन बसतो. हे भक्तीचे चित्र आहेच, पण एकट्या राबणाऱ्या दासीचा थकवाही त्यात स्पष्ट दिसतो. तो न पाहता हा अभंग नुसता गोड म्हणून गाणे हा जनाबाईंवर अन्याय आहे.

चोखामेळ्याकडे आल्यावर ‘स्वकर्मकुसुम’ ही कल्पनाच अडखळते. ज्याचे काम त्याने निवडलेले नाही, जातीने त्याच्या गळ्यात बांधले आहे, त्याने ते फूल म्हणून कसे वाहावे? ‘जोहार मायबाप जोहार । तुमच्या महाराचा मी महार । बहु भुकेला झालो । तुमच्या उष्ट्यासाठी आलो’ या अभंगात नम्रता आहे आणि भूकही आहे. चोखोबांचा अंत मंगळवेढ्यात १३३८ साली झाला. गावकुसाचे बांधकाम चालू असताना ते कोसळले आणि इतर मजुरांबरोबर तेही त्याखाली गाडले गेले. त्यांच्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले, त्यावरून नामदेवांनी त्या ओळखल्या, अशी कथा सांगतात. कथेतला चमत्कार सर्वांच्या लक्षात राहिला. मराठीतील एक मोठा कवी बांधकामावर मजुरी करताना मेला, ही गोष्ट मात्र तितकीशी बोलली जात नाही.

तुकाराम आणि रामदास

सतराव्या शतकातील या दोन समकालीनांची तुलना नेहमी ‘निवृत्ती विरुद्ध प्रवृत्ती’ अशी केली जाते. ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ म्हणणारे तुकाराम एकीकडे आणि ‘केल्याने होत आहे रे । आधी केलेचि पाहिजे’ म्हणणारे रामदास दुसरीकडे, ही मांडणी सोपी आहे आणि बरीचशी चुकीची. ‘असाध्य ते साध्य करिता सायास । कारण अभ्यास तुका म्हणे’ ही ओळही तुकोबांचीच आहे. दोघांत फरक आहे तो कष्ट कुठून पाहिले याचा.

तुकोबा कष्ट आतून पाहतात. ‘मढे झाकूनिया करिती पेरणी । कुणबियाचे वाणी लवलाहे’ असे एका अभंगात ते म्हणतात. घरात माणूस मेले आहे, पण पेरणीची वेळ टळली तर वर्ष हातचे जाते. म्हणून कुणबी प्रेत झाकून ठेवतो आणि आधी पेरून येतो. पुढे ‘तयापरि करी स्वहित आपुले’ असा परमार्थाचा उपदेश येतो खरा. पण दृष्टान्त उपदेशापेक्षा भारी झाला आहे. शेतीचा निकडीचा काळ म्हणजे काय, हे दोन चरणांत इतक्या थेटपणे सांगणारी दुसरी ओळ मराठीत क्वचितच सापडेल. ‘बरे देवा कुणबी केलो । नाही तरि दंभेचि असतो मेलो’ असे म्हणणाऱ्याच्याच लेखणीतून ती येऊ शकते.

रामदासांचा (१६०८–१६८१) स्वर शिक्षकाचा आणि संघटकाचा आहे. दासबोधात ते बजावतात : ‘कष्टेंविण फळ नाही । कष्टेंविण राज्य नाही ।’ आणि पुढे हिशेब मांडतात : ‘आधी कष्टाचे दुःख सोसिती । ते पुढे सुखाचे फळ भोगिती । आधी आळसे सुखावती । त्यासी पुढे दुःख ॥’ शाळेच्या भिंतींवर, वह्यांच्या पुठ्ठ्यांवर आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडी मराठीत कष्टांबद्दल जे काही सुविचार म्हणून टिकले, त्यातले बरेचसे या एका ग्रंथातून आले आहे. विस्कळीत समाजाला उभे करायचे तर अशी भाषा लागते आणि रामदासांनी ती कमालीच्या खणखणीतपणे वापरली. मात्र ‘आधी कष्ट, मग फळ’ हे सूत्र एक गोष्ट गृहीत धरते : राबणारा आणि फळ खाणारा माणूस एकच आहे. चोखामेळ्याच्या आयुष्यात तसे नव्हते आणि पुढच्या कवितेचा सगळा वाद याच ठिकाणी आहे.

आधुनिक काळ

केशवसुतांची (१८६६–१९०५) ‘मजुरावर उपासमारीची पाळी’ ही कविता आधुनिक मराठी कवितेत मजुराला मध्यभागी आणणाऱ्या सुरुवातीच्या रचनांपैकी एक. उपाशी माणूस म्हणजे आळशी माणूस, हे समीकरण तिच्या शीर्षकातच मोडते. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ म्हणत लोळणारा हा माणूस नाही. तो मजूर आहे, आणि तरीही उपाशी आहे.

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना या वादाची खबर असण्याचे कारण नव्हते. जळगावजवळच्या असोद्याची ही शेतकरी बाई लिहायला शिकलेली नव्हती. शेतात, चुलीपाशी, जात्यावर तिने रचलेली गाणी मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी टिपून ठेवली आणि ती १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली. ‘अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर, आधी हाताला चटके, तेव्हा मिळते भाकर’ या ओळींत रामदासांचाच ‘आधी’ आणि ‘मग’ आहे. पण चटक्यांपुढे मिळते ती भाकर, राज्य नव्हे. बहिणाबाई कष्टांना पूजाही म्हणत नाहीत आणि शापही म्हणत नाहीत. त्यांच्या ‘मोट हाकलतो एक’ या गाण्यात दोन मोटा, कणा, चाक, नाडा असा विहिरीवरचा सगळा सरंजाम बारकाईने येतो आणि शेवटी प्रश्न येतो : ‘मोट हाकलतो एक, जीव पोसतो कितीक?’ सावता माळ्यांनी ज्या मोटेत पंढरी पाहिली, त्याच मोटेत या बाईने तिच्यावर जगणारी तोंडे मोजली. कष्टांच्या मराठी कवितेत मला हे गाणे सर्वांत समतोल वाटते.

शहरात कष्टांचे रूप पालटले. बा. सी. मर्ढेकरांनी (१९०९–१९५६) ‘सकाळी उठोनी । चहा-कॉफी घ्यावी, तशीच गाठावी । वीज-गाडी’ अशी नोकरदाराची दिनचर्या मुद्दाम अभंगाच्या चालीत लिहिली. दासबोधातील ‘प्रातःकाळी उठावे । काही पाठांतर करावे’ हा उपदेश ज्याच्या कानावर पडला आहे, त्याला यातली बोच लगेच कळते. वेळेवर उठणे तेच, शिस्त तीच. पण त्यामागचा हेतू गळून पडला आहे आणि ‘हुजूर’ म्हणून दाती तृण धरणे उरले आहे. विंदा करंदीकरांच्या ‘तेच ते’ या कवितेतही असाच शीण आहे. हा थकवा पाठीचा नाही, पुनरावृत्तीचा आहे. संतांना तो ठाऊक नव्हता.

हातांकडे पाहण्याच्या दोन रीती इथे शेजारी ठेवण्याजोग्या आहेत. गोव्याचे बा. भ. बोरकर (१९१०–१९८४) ‘देखणे ते हात ज्यांना निर्मितीचे डोहळे’ असे म्हणतात. तिथे काम सुंदर आहे, कारण करणाऱ्याला त्याची ओढ आहे. नारायण सुर्वे (१९२६–२०१०) म्हणतात, ‘हे हात माझे सर्वस्व, दारिद्र्याकडे गहाणच राहिले’. दोन्ही ओळी खऱ्या आहेत. पण सुर्वे अनाथ म्हणून गिरणी कामगाराच्या घरी वाढले, गिरणीत राबले, शाळेत शिपाई होते आणि मग शिक्षक झाले. त्यांच्या हातांना डोहाळ्यांआधी पोटाची आठवण होते. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) आणि ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहांनी मराठी कवितेत कामगाराला प्रथमपुरुषी आवाज दिला. ‘कामगार आहे मी तळपती तलवार आहे, सारस्वतांनो! थोडासा गुन्हा करणार आहे’ यात आर्जव नाही. त्यांच्याआधी शाहीर अण्णा भाऊ साठे यांनी १९५८ च्या मुंबईतील दलित साहित्य संमेलनात सांगितले होते की पृथ्वी शेषनागाच्या मस्तकावर नसून दलितांच्या, श्रमिकांच्या तळहातावर तरली आहे. हा नुसता अलंकार नव्हता. श्रमाला पूजा म्हणण्याऐवजी श्रमिकाला मालक म्हणावे, असा तो दावा होता.

दलित कवितेने तो दावा अधिक कडवट केला. दया पवार यांचे ‘बाई मी धरण बांधते, माझं मरण कांडते’ हे गीत पहाटेने सुरू होते. जात्यातले पीठ आटले आहे, बाई कणीकोंडा रांधते आणि कामावर जाते. पहाट, जाते, कांडण हे सगळे जनाबाईंचेच. चालही बायकांच्या गाण्याची. फक्त खुंट्याला हात लावायला विठ्ठल येत नाही. धरण उभे राहील, पाटाने पाणी वाहील, पण ते तिच्या दारी येणार नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला आणि पाझर तलावांच्या कामांवर गेलेल्या लाखो माणसांना हे गीत समजावून सांगावे लागले नाही. ‘आधी कष्ट, मग फळ’ या सूत्राला मराठी कवितेने दिलेले हे सर्वांत थेट उत्तर आहे.

शेतकऱ्याच्या कवितेतही दोन सूर राहिले. ना. धों. महानोरांच्या (१९४२–२०२३) ‘रानातल्या कविता’ (१९६७) मध्ये रान भरून आलेले असते आणि राबणे त्या भरात विरघळून जाते. विठ्ठल वाघांच्या ‘काया मातीत मातीत तिफन चालते’ या वऱ्हाडी गीतात पेरणीचा आनंद आहे. महानोर स्वतः पळसखेडला शेती करत होते, त्यामुळे या आनंदाला शहरी कौतुक म्हणून बाजूला सारता येत नाही. परभणीच्या इंद्रजित भालेरावांची कविता मात्र कुणब्याच्या पोराला कष्ट करायला सांगत नाही, ते तो करतोच आहे. ती सांगते : ‘शीक बाबा शीक, लढायला शीक’.

१९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि सुर्व्यांच्या कवितेतला कामगार परळ-लालबागेतून विखुरला. कंत्राटी मजूर, ऊसतोड टोळ्या, घरकामाच्या बाया यांच्या जगण्यावरची कविता आता मोठ्या संग्रहांपेक्षा अनियतकालिकांतून, चळवळींच्या गाण्यांतून आणि कविसंमेलनांच्या मंचावरून अधिक ऐकू येते.