आत्याचे शंभर चिंचोके आणि दहा ब्लाइंडचं गणित

आमच्या रामबागेतल्या घरी लक्ष्मीपूजन आटोपलं की पत्ते निघतात, आणि इंदूरमधे दिवाळीचे पत्ते म्हणजे तीन पत्ती, त्यात वादच नाही, पण आतेभाऊ कुठूनतरी पोकर शिकून आला आणि गेल्या दिवाळीपासून आमच्याकडे तेच चालू झालंय. पैसे नाहीत हं, चिंचोके. पैशाच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने तसंही कुलूप लागलंय, आणि आमच्या आजीचा कायदा त्याहून जुना आणि कडक आहे.

तर त्या रात्री शेवटी दोघंच उरले, मामा आणि आत्या. यालाच हेड्स-अप म्हणतात. मामाकडे ७०० चिंचोके, आत्याकडे १००, ब्लाइंड ५ आणि १०. (तीन पत्तीवाल्यांसाठी: यात हातात दोनच पत्ते, आणि टेबलावर उघडतात ते पाच दोघांचेही. इथे ब्लाइंड म्हणजे पत्ते न बघता खेळणं नाही, पत्ते वाटायच्या आधीच सक्तीने टाकायची रक्कम, एकाने लहान, दुसऱ्याने मोठी, दर डावाला आलटून पालटून.) आत्या म्हणाली मी आता चांगले पत्ते आल्याशिवाय हात घालणारच नाही. मामा दर वेळी वाढवायचा, आत्या दर वेळी पॅक. नऊ डावांत ७० चिंचोके गेले, कोणी काही हिसकावलं नाही, नुसत्या ब्लाइंडमधे वाहून गेले. दहाव्या डावाला एक्का-राजा आले, आत्याने उरलेले ३० पुढे सरकवले, मामाने विचारही न करता बघितलं (म्हणजे तेवढेच टाकून डाव स्वीकारला), त्याच्याकडे सत्ती-दुर्री, वेगळ्या रंगाची, आणि टेबलावर दुर्री पडली! सगळे म्हणाले नशीब. पण एक्का-राजाविरुद्ध सत्ती-दुर्री साधारण तीनातून एकदा जिंकतेच, आणि आत्याची खरी चूक एक्का-राजाच्या डावात नव्हतीच, ती आधीच्या नऊ डावांत होती.

बघा कसं. आत्याकडे १०० असताना, म्हणजे मोठ्या ब्लाइंडच्या दहापट असताना, ती लहान ब्लाइंडवर आहे, ५ आधीच टाकलेत. पॅक केलं तर ९५ उरले, हे पक्कं. आता समजा तिने मध्यम पत्त्यांवर सगळेच पुढे ढकलले, म्हणजे ऑल-इन. मामा दहापैकी सहा वेळा घाबरून पॅक होईल असं धरू, तेव्हा आत्याचे ११० होतात. उरलेल्या चार वेळा मामा बघतो, म्हणजे त्याचे पत्ते बरे असणार, आत्या त्यात ४० टक्केच जिंकते असं धरू, २०० च्या ढिगाचे सरासरी ८० झाले. बेरीज करा, ०.६ गुणिले ११० म्हणजे ६६, ०.४ गुणिले ८० म्हणजे ३२, एकूण ९८. पॅकचे ९५! बघितल्यावर हरायची शक्यता जास्त असलेले पत्ते, तरीही ढकलणं फायद्याचं, कारण ढकलणाऱ्याकडे जिंकायचे दोन रस्ते असतात, समोरचा पळाला तरी आपण जिंकतो, आणि बघणाऱ्याकडे एकच, पत्तेच चांगले लागतात. मामाला बघायला अजून ९० टाकावे लागतात २०० च्या ढिगासाठी, म्हणजे ४५ टक्के तरी शक्यता पाहिजे, आणि मामाला घाम फुटतो तो इथेच. त्याच्या ७०० चा इथे काही उपयोग नाही बरं का, दोघांपैकी ज्याचा ढीग लहान तेवढाच खेळात, बाकीचे ६०० नुसते शोभेला.

आता तेच ३० चिंचोक्यांवर करून बघा. मामाला फक्त २० टाकायचेत आणि ढीग ६० चा, ३३ टक्के पुरतात. आणि हेड्स-अपमधला सगळ्यात फालतू हात, वेगळ्या रंगाची दुर्री-तिर्री, तोसुद्धा समोर कुठलेही दोन पत्ते असू शकतात असं धरलं तर सरासरी ३२ टक्क्यांच्या आसपास जिंकतो. म्हणजे मामाने डोळे मिटून बघितलं तरी फारसं बिघडत नाही, भीती संपली. लहान ढिगाचं खरं हत्यार पत्ते नसून ती भीती असते आणि ती दर दोन डावांना दीड ब्लाइंडने झिजते.

मग कुठले पत्ते ढकलायचे? दोन पत्त्यांच्या जोड्या होतात १३२६, कुठला रंग ते सोडून फक्त दोन्ही एकाच रंगाचे की वेगळ्या एवढंच बघितलं तर १६९ प्रकारचे हात. यावर गणित बसतं कारण दोघांच्या खेळात एकाचं गेलं ते दुसऱ्याचं, आणि अशा खेळात दोघांनाही एक सर्वोत्तम धोरण असतंच हे जॉन फॉन नॉयमनने १९२८ मधे सिद्ध केलं होतं. जॉन नॅशने १९५० मधे ते कितीही खेळाडूंपर्यंत नेलं, त्याच्या प्रबंधात उदाहरण म्हणून तिघांचं छोटं पोकरच आहे, आणि १९९४ मधे त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. दहा ब्लाइंडवर फक्त ढकला किंवा पॅक एवढंच ठेवून हिशोब केला तर लहान ब्लाइंडवाल्याने निम्म्याहून जास्त हात ढकलायचे असतात! कुठलाही एक्का, कुठलीही जोडी, आणि इतर कितीतरी, जे आत्या तोंड वाकडं करून टाकत होती.

आता कोणी म्हणेल की फक्त ढकला-पॅक म्हणजे काय खेळ झाला, पुढचे पत्ते बघून डोकं चालवण्यात मजा. मजा असेल. पण डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठातल्या मिल्टरसन आणि सोरेनसन यांनी २००७ मधे टेबलावर एकूण ८००० चिप्स आणि ब्लाइंड ३०० नि ६०० धरून हे तपासलं, आणि असं दाखवलं की नुसतं ढकला-पॅक नीट खेळणारा माणूस कितीही हुशार धोरणापेक्षा जिंकण्याच्या शक्यतेत फार तर १.४ टक्क्यांनी मागे राहतो. मला तर वाचून जरा वाईटच वाटलं, इतकी वर्षं समोरच्याच्या भुवया वाचण्यात घालवली.

एक मेख आहे मात्र, कुठले हात ढकलायचे याचा हा तक्ता समोरचाही शहाणा आहे असं धरून बनतो, तेव्हा तो वापरणाऱ्याला लांबच्या हिशोबात कोणी लुबाडू शकत नाही, पण समोरच्याच्या चुकांचा पूर्ण फायदाही तो उपटत नाही. मामासारखा सगळंच बघणारा असेल तर फुसके हात कमी ढकला, आणि घाबरट असेल तर तक्ता बाजूला ठेवून सरळ ढकलत सुटा.

हे सगळं मी आत्याला पोहे-जिलेबी खाता खाता कागदावर समजावलं होतं. रंगपंचमीला राजवाड्याहून गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघून रंगलेल्या कपड्यांतच परत डाव बसला, परत तेच दोघं उरले, फक्त आता आत्याकडे ३०० आणि मामाकडे ५००, ब्लाइंड तेच ५ आणि १०. आत्याने पहिल्याच डावाला गुलाम-चौकीवर सगळे ३०० ढकलले, मग पुढच्याला पण, मग त्याच्या पुढच्याला पण. अगं आत्या, हे तीस ब्लाइंड आहेत, पंधरा चिंचोक्यांसाठी तीनशे लावतेस तू! मामा काही बोलला नाही, तीन डाव पॅक केले, चौथ्याला एक्क्यांची जोडी आल्यावर शांतपणे म्हणाला, "बघितलं."

अशा वेळी चांगल्या पत्त्यांसाठी थांबणंच बरोबर होतं, पण मामाला ते कोणी शिकवलं नव्हतं, तो तेव्हा जिलेबी खात होता.