एक आपल्या आकाशात, दुसरी शत्रूच्या धावपट्टीवर: ६०४ आणि २३ स्क्वाड्रन

ब्रिटिश हवाई दलाच्या ६०४ आणि २३ या दोन्ही स्क्वाड्रन १९४० मध्ये रात्री ब्लेनहाइम विमाने उडवत होत्या आणि दोघींचे सावजही एकच होते, जर्मन बाँबफेकी विमाने. त्यामुळे ‘रात्रीच्या लढाऊ स्क्वाड्रन’ म्हणून दोघींना सर्रास एकाच रांगेत बसवले जाते. परंतु शत्रूला कोठे गाठायचे, याची दोघींची उत्तरे अगदी वेगळी होती.

दक्षिण इंग्लंडमधील मिडल वॉलप तळावरच्या ६०४ स्क्वाड्रनचे काम इंग्लंडच्याच आकाशात चाले. त्या वर्षीच्या शरद ऋतूत तिला मिळालेल्या ब्यूफायटर विमानात वैमानिकाच्या मागे बसलेला रडारचालक दोन लहान पडद्यांकडे डोळे लावून बसे; एकावरून लक्ष्य डावीकडे आहे की उजवीकडे ते कळे, दुसऱ्यावरून वर आहे की खाली. मात्र जमिनीवरून परतणाऱ्या लहरी पडदा झाकून टाकत असल्याने विमान जितक्या उंचीवर, साधारण तितक्याच अंतरापर्यंतचे या रडारला दिसे. म्हणजे १५,००० फुटांवर जेमतेम तीन मैल! तेथवर विमान नेऊन सोडण्याचे काम १९४१ च्या आरंभापासून जमिनीवरील रडार केंद्रे करू लागली, आणि माझ्या मते खरी शिकार तेव्हाच सुरू झाली. त्याआधी, १९-२० नोव्हेंबर १९४० च्या रात्री, ६०४ चे वैमानिक जॉन कनिंगहॅम यांनी युंकर्स ८८ हे जर्मन बाँबफेकी विमान पाडले होते; पुढे त्यांच्या यशाचे श्रेय गाजरांना, म्हणजे गाजरे खाऊन अंधारात दिसू लागलेल्या तीक्ष्ण नजरेला, देण्यात आले, ते रडार गुप्त ठेवण्यासाठी. (जानेवारी १९४३ मध्ये कोलकात्यावर आलेली जपानी विमाने पाडणारी दमदमची १७६ स्क्वाड्रनही याच जातकुळीची.)

२३ स्क्वाड्रनने डिसेंबर १९४० मध्ये उलटी वाट धरली. गुप्त यंत्र शत्रूच्या हाती पडू नये म्हणून तिच्या विमानांतील रडार काढून टाकण्यात आले आणि ती फ्रान्समधील जर्मन विमानतळांवर घिरट्या घालू लागली. बाँबफेक करून परतलेले विमान उतरताना संथ आणि खाली असते, आणि त्याच्यासाठी धावपट्टीचे दिवे लावावेच लागतात. रडारविना एवढे पुरे होते. अशा स्क्वाड्रनचे यश केवळ पाडलेल्या विमानांवरून मोजणे मला अन्यायाचे वाटते, कारण तिच्या धास्तीने दिवे मालवले गेले तरी थकलेल्या वैमानिकांना अंधारात ताटकळावे लागे.

पुढे ही सीमारेषा पुसट झाली. जून १९४३ पासून १४१ स्क्वाड्रनची ब्यूफायटर विमाने रडारसह शत्रूच्या हद्दीत शिरू लागली, तीही जर्मनांच्या रात्रीच्या लढाऊ विमानांच्या मागावर.