ऑनलाइन वाचकांचा वृत्तमाध्यमांवरील दबाव

वर्तमानपत्र, वृत्तवाहिनी किंवा बातम्यांचे संकेतस्थळ कोणत्या विषयाकडे वळते आणि कोणती चूक मान्य करते, यावर इंटरनेटवरचे वाचक, ब्लॉगलेखक आणि समाजमाध्यमांवर लिहिणारे नागरिक जो प्रभाव पाडतात, तो म्हणजे हा दबाव. तो खरा आहे, पण त्याची पोच मर्यादित आहे. मागे पडलेली बातमी पुढे आणणे आणि खोटी ठरलेली बातमी मागे घ्यायला लावणे, ही दोन कामे वाचक चांगली करतात. रोज उठून बातमी गोळा करणे त्यांच्याकडून होत नाही.

पूर्वी वाचकाच्या हातात दोनच गोष्टी होत्या : संपादकाला पत्र लिहिणे आणि पेपर बंद करणे. कोणते पत्र छापायचे हे संपादकच ठरवी. हे चित्र पालटल्याचे ठळक उदाहरण अमेरिकेतले आहे. ८ सप्टेंबर २००४ रोजी सीबीएस वाहिनीने अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या लष्करी सेवेविषयीची, १९७०च्या दशकातली म्हणून काही कागदपत्रे दाखवली. १९७०च्या दशकातल्या टंकलेखन यंत्रावर अशी अक्षरे उमटतील का, अशी शंका ब्लॉगलेखकांनी काही तासांतच काढली. कागदपत्रांची सत्यता सिद्ध करता येत नसल्याचे वाहिनीने २० सप्टेंबरला मान्य केले. निवेदक डॅन रादर मार्च २००५मध्ये त्या जागेवरून पायउतार झाले. भारतात नोव्हेंबर २०१०मध्ये राडिया ध्वनिफितींचा, म्हणजे जनसंपर्क व्यावसायिक नीरा राडिया यांच्या राजकारणी आणि नामवंत पत्रकारांशी झालेल्या फोनवरील संभाषणांचा, मजकूर ओपन आणि आउटलुक या नियतकालिकांनी छापला, तेव्हा बऱ्याच मोठ्या माध्यमांनी सुरुवातीला मौन पाळले. त्यांना बोलायला लावण्यात ट्विटर आणि ब्लॉगवरच्या वाचकांचा मोठा वाटा होता.

नाशिककरांना हा विषय सर्वांत जवळून दिसला तो मार्च २०१८च्या किसान लाँग मार्चमध्ये. ६ मार्चला नाशिकहून निघालेले हजारो शेतकरी कसारा घाट उतरून सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईला पोहोचले. वनहक्काचे दावे आणि कर्जमाफी या त्यांच्या मुख्य मागण्या होत्या आणि त्यांतले बरेच जण आदिवासी होते. नाशिकच्या स्थानिक पानांवर ही बातमी पहिल्यापासून होती. दिल्लीच्या वाहिन्यांना मात्र ती दिसायला वेळ लागला. मधल्या दिवसांत लोकांच्या मोबाइलवर फिरत होते ते पायांचे फोटो : झिजून फाटलेल्या चपला, फोड फुटलेले तळवे, सोलून निघालेली कातडी. ११ मार्चच्या रात्री, दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुलांची वाट अडू नये म्हणून, थकलेल्या पायांनी हे लोक झोप न घेता आझाद मैदानाकडे निघाले. ही गोष्ट त्या फोटोंसोबत देशभर पोहोचली. १२ मार्चला सरकारने मागण्यांबाबत लेखी आश्वासन दिले. याचे श्रेय इंटरनेटला देणे हा चालणाऱ्यांवर अन्याय ठरेल. वाटेवर प्रत्यक्ष उभ्या राहिलेल्या बातमीदार-छायाचित्रकारांचे काम वाचकांनी उचलून धरले आणि जी माध्यमे पाठ फिरवून बसली होती त्यांना तोंड वळवावे लागले. वाचकांच्या ताकदीचा याहून चांगला उपयोग दाखवणे कठीण आहे.

हीच ताकद रोजच्या कामात वेगळ्या वाटेने शिरते. कोणती बातमी किती जणांनी उघडली हे संपादकीय विभागाला मिनिटामिनिटाला दिसते आणि मथळे त्याप्रमाणे बदलतात. त्यामुळे लासलगावच्या कांद्याच्या भावाची बातमी, जी निफाड-येवल्याच्या घराघरांत वाचली जाते, एखाद्या नटाच्या लग्नापुढे मागे पडू शकते. कोणता मजकूर किती जणांपुढे जाईल हे तर समाजमाध्यम कंपन्याच ठरवतात. पैसा बहुतांशी जाहिरातदाराकडून येतो. ऑनलाइन वाचक क्वचितच वर्गणी भरतो.

कायद्याचा आधार तोकडा आहे. १९७८च्या कायद्याखालील भारतीय वृत्तपत्र परिषद वर्तमानपत्राला समज देऊ शकते किंवा त्याचा निषेध नोंदवू शकते, दंड करू शकत नाही. वृत्तवाहिन्या तिच्या कक्षेत येत नाहीत. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत डिजिटल बातमीविरुद्धच्या तक्रारीवर १५ दिवसांत निर्णय देण्याची तरतूद आली, पण तिच्याशी जोडलेल्या महत्त्वाच्या उपनियमांना मुंबई उच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२१ रोजी अंतरिम स्थगिती दिली. वाचकाला निर्भयपणे लिहिता येणे ही त्याआधीची गरज. नोव्हेंबर २०१२मध्ये पालघरच्या दोन तरुणींना मुंबई बंदविषयीच्या फेसबुक मजकुरावरून अटक झाली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या कलम ६६अ खाली अशा कारवाया होत, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले.

गर्दी चुकतेही, आणि तेव्हा किंमत माणसे मोजतात. १ जुलै २०१८ रोजी शेजारच्या धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या, मोबाइलवरून पसरलेल्या अफवेतून जमावाने पाच जणांना ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पुढे पाठवण्याची मर्यादा आणायला सुरुवात केली.

नाशिकच्या पावसाळ्यात दोन्ही बाजू एकत्र दिसतात. गोदावरीला पूर आला की रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कोणत्या भागापर्यंत पाणी चढले, यावरून शहर पुराचा अंदाज घेते. काठावरचा माणूस बातमीदाराच्या आधी व्हिडिओ टाकतो. त्यातच मागच्या एखाद्या वर्षीचा, मारुती बुडालेला व्हिडिओ आजचा म्हणून फिरू लागतो. घाईत तो कुणी बातमीत घेतला, तर पंचवटीतला वाचक लगेच लिहितो की आत्ता पाणी गुडघ्याला आहे. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडले आणि विसर्ग पुन्हा केव्हा वाढणार, हे मात्र जलसंपदा विभागाकडून खात्री करून बातमीदारालाच द्यावे लागते.