जनुकीय समुपदेशनातील पदव्युत्तर प्रबंधसंशोधन

आनुवंशिक आजारांविषयी रुग्णांना व कुटुंबांना सल्ला देणाऱ्या समुपदेशकांच्या पदव्युत्तर शिक्षणात विद्यार्थी स्वतः आखून जे मर्यादित संशोधन पार पाडतो, त्याला प्रबंधसंशोधन म्हणतात. ही प्रथा मुख्यतः अमेरिकेत रुजली. मिनेसोटा विद्यापीठातील डाइट संस्थेचे शेल्डन रीड यांनी 1947 मध्ये ‘जनुकीय समुपदेशन’ ही संज्ञा वापरात आणली आणि 1969 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील सारा लॉरेन्स कॉलेजात मेलिसा रिक्टर यांनी या विषयाचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. समुपदेशकांची राष्ट्रीय संघटना 1979 मध्ये स्थापन झाली व 1992 पासून तिचे स्वतंत्र संशोधनपत्र निघू लागले. तेव्हापासून विद्यार्थ्यांच्या प्रबंधांनाही छापील वाट मिळाली. काही अभ्यासक्रमांत प्रबंधाऐवजी लहान समारोप-प्रकल्प चालतो.

प्रकल्पाचे भवितव्य बहुधा पहिल्याच टप्प्यावर, म्हणजे संशोधनप्रश्न ठरवताना निश्चित होते. विद्यार्थी सहसा ‘कर्करोगाच्या जनुकीय चाचणीचा रुग्णांवर होणारा परिणाम’ असा ऐसपैस विषय घेऊन मार्गदर्शकाकडे येतो. त्या विषयाला एखादी संस्था दहा वर्षे लावील. ज्या स्त्रियांच्या स्तनकर्करोगविषयक चाचणीत निश्चित अर्थ न लागणारा जनुकीय बदल आढळला, त्या तो निकाल बहिणींना व मुलींना कोणत्या शब्दांत सांगतात, इतका प्रश्न अरुंद केला की पंधरावीस मुलाखतींत त्याचे काही उत्तर हाती लागते. प्रश्न अरुंद करण्यामागे वेळेचा हिशेबही असतो. दोन वर्षांच्या मुदतीत वर्ग, रुग्णालयातील प्रशिक्षण आणि मान्यतेसाठी आवश्यक असलेला किमान 50 रुग्णप्रकरणांतील प्रत्यक्ष सहभाग यांतून उरणारा वेळच प्रबंधाला मिळतो. म्हणून विषय पहिल्या वर्षी ठरतो, उन्हाळ्याच्या आसपास परवानगी मिळवली जाते आणि माहितीचे संकलन व विश्लेषण दुसऱ्या वर्षी होते.

पद्धतींमध्ये ऑनलाइन प्रश्नावली, अर्धरचित मुलाखत (मुख्य प्रश्न ठरलेले, बाकी संभाषण मोकळे) आणि आधीच्या रुग्णनोंदींचा पूर्वलक्षी आढावा या तीन प्रमुख आहेत. पैकी प्रश्नावली सर्वांत सोयीची असते, कारण राष्ट्रीय संघटनेच्या सदस्यांना ती ईमेलने पाठवता येते. या सोयीची किंमतही आहे. समुपदेशकांना रुग्णांविषयी काय वाटते हे सांगणारे प्रबंध भरपूर निघतात, पण रुग्णांना समुपदेशकांविषयी काय वाटते हे शोधायला रुग्णालयाची परवानगी, दुभाषी आणि चिकाटी लागत असल्याने तसे काम मागे पडते. मार्गदर्शक समितीने याच ठिकाणी विद्यार्थ्याला अडवून प्रश्न विचारावेत.

मानवी सहभाग असलेल्या कोणत्याही अभ्यासाला संस्थात्मक नीतिसमितीची मान्यता घ्यावी लागते. ही चौकट अमेरिकेत 1974 चा राष्ट्रीय संशोधन कायदा आणि मानवी संशोधनाची नैतिक तत्त्वे मांडणारा 1979 चा बेलमाँट अहवाल यांवर उभी आहे. निनावी व निरुपद्रवी प्रश्नावलीला पूर्ण छाननीतून सूट मिळू शकते, मात्र सूट लागू होते की नाही हे विद्यार्थ्याने स्वतःच ठरवून चालत नाही. जनुकीय अभ्यासात आणखी एक अडचण असते. एका व्यक्तीने वंशावळ सांगितली की संमती न दिलेल्या नातेवाइकांचे आजारही नोंदीत येतात. 2000 च्या सुमारास व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठातील जुळ्यांच्या अभ्यासाची प्रश्नावली सहभागी तरुणीच्या वडिलांच्या हाती पडली. तीत वडिलांच्या नैराश्याविषयी व गुप्तांगातील दोषांविषयी प्रश्न होते. त्यांच्या तक्रारीनंतर त्या विद्यापीठातील मानवी संशोधन काही काळ थांबवण्यात आले आणि ‘दुय्यम सहभागी’ व्यक्तींच्या हक्काचा वाद ऐरणीवर आला. तेव्हापासून प्रश्नावलीचा मसुदा करताना नातेवाइकांविषयीचा प्रत्येक प्रश्न खरोखर लागतो का, हे तपासले जाते.

मुलाखतींचे शब्दांकन झाल्यावर विद्यार्थी आणि शक्यतो दुसरा वाचक स्वतंत्रपणे मजकुराला संकेत देतात, म्हणजे प्रत्येक भागाला त्यातील आशयाचे छोटे नाव देतात, मतभेद चर्चेने मिटवतात आणि त्यांतून समान सूत्रे काढतात. मुलाखती किती हव्यात, याला ठराविक आकडा नसतो. नवे सूत्र निघेनासे झाले की संकलन थांबवण्याची रीत आहे.

भारतात हे शिक्षण मणिपालसारख्या मोजक्या ठिकाणी मिळते. येथील विषय अमेरिकेतून उचलता येत नाहीत. विदर्भ आणि नंदुरबार भागात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक (स्वतः सहसा आजारी नसलेले, पण सदोष जनुक मुलांकडे पोचवू शकणारे) मोठ्या संख्येने आहेत आणि 2023 च्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात तपासणीचा निकाल दाखवणारी कार्डे दिली जातात. लग्न ठरवताना हे कार्ड खरोखर पाहिले जाते का, हा प्रबंधाला साजेसा प्रश्न आहे, मात्र त्यासाठी संमतिपत्र व मुलाखत घरी गोंडी किंवा भिली बोलणाऱ्यांना समजेल अशी हवी. प्रसवपूर्व निदानावरील अभ्यासाला कायद्याची मर्यादाही आहे. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला, तर केंद्राचा कायदा 1994 चा आहे. ड्यूशेन या स्नायूंच्या आजारासारख्या लिंगसंलग्न (मुख्यतः मुलग्यांमध्ये दिसणाऱ्या) आजारांच्या निदानाला कायद्याची परवानगी असली तरी गर्भाचे लिंग कुटुंबाला सांगता येत नाही. त्यामुळे अशा कुटुंबांच्या मुलाखतीचे प्रश्न लिहिताना कायद्याची भाषा शेजारी ठेवावी लागते.