गाव सुटले की आडनाव लागते

कुडाळ तालुक्यातल्या तेंडोलीत, भर बाजारात उभे राहून कुणी ‘अहो तेंडोलकर!’ अशी हाक मारली, तर वळून कोण बघणार? सगळा गावच तेंडोलीचा. तिथे माणूस ओळखला जातो तो वाडीवरून, घरावरून किंवा चारचौघांत न सांगण्याजोग्या एखाद्या टोपणनावावरून. तोच माणूस मुंबईत चाळीत राहायला आला आणि त्या मजल्यावर आधीच दोन बाबुराव असले, की प्रश्न येतो, ‘कुठला बाबुराव?’ ‘तो, तेंडोलीचा.’ झाले आडनाव तयार. तेंडुलकर हे त्याचेच थोडे घासलेले रूप.

‘कर’ने संपणारी आडनावे अशी गाव सुटल्यावर कामाला येतात. म्हणून एखाद्याच्या आडनावात गाव दिसले, तर त्याचे कुणीतरी कधीतरी ते गाव सोडून निघाले होते, असा अंदाज बांधायला हरकत नाही. फलटणचे निंबाळकर हे मूळचे पवार. निंबळक गावात वस्ती केली आणि पुढे ते गावच नावाला चिकटले. बाबासाहेब आंबेडकरांचे घराणे सकपाळ. मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे त्यांचे गाव, म्हणून शाळेत ‘आंबडवेकर’ असे नाव लागले आणि त्याचे पुढे आंबेडकर झाले. सकपाळ या नावावरून ऐकणाऱ्याला घराणे कळले असते, गावाच्या नावावरून ते कळत नाही. ‘कर’ लावणारे लोक सगळ्या जातींत असतात, त्यामुळे ही आडनावे बरेच काही झाकूनही ठेवतात.

मुळात आडनाव हा शब्दच बोलका आहे. आडवाट, आडरान यांतला तो ‘आड’. म्हणजे मुख्य रस्ता सोडून बाजूला असलेले. नाव ते खरे, हे आपले बाजूचे. जुन्या मोडी कागदांत ‘राणोजी बिन सुभानजी’ अशा थाटाच्या नोंदी भेटतात. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, हा शब्द अरबीतून आलेला. तुकोबांचे आडनाव आंबिले होते हे किती जणांना माहीत असते? अभंगात त्याची गरजच पडली नाही. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी पक्की तीन डब्यांची गाडी घरोघर पोहोचली ती इंग्रजी अमदानीतल्या शाळा-कचेऱ्यांच्या रकान्यांमुळे.

एकाच ठिकाणाहून दोन तऱ्हांची आडनावे कशी निघतात, ते गोव्यात मंगेशीला दिसते. दीनानाथांनी गावाचे नाव घेतले आणि ते मंगेशकर झाले. जितेंद्र अभिषेकी त्याच गावचे, पण त्यांच्या घराण्याकडे देवाला अभिषेक करण्याचे काम होते. देऊळ तेच. एकाने जागा नावात घेतली, दुसऱ्याच्या नावात काम आले.

कामावरून आलेल्या आडनावांना एक अट असते. ते काम बापाकडून मुलाकडे जायला हवे. पाटील गावाचा प्रमुख, कुलकर्णी गावाचा हिशेब लिहिणारा. देशमुख आणि देशपांडे हीच कामे परगण्याच्या पातळीवर करायचे. ही सगळी वतने होती, पिढ्यान्‌पिढ्या चालणारी, म्हणून पद हेच नाव होऊन बसले. मुंबई सरकारने १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतन संपवले, पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली. आडनावे मात्र जागची हलली नाहीत. कुलकर्ण्यांच्या जागी आलेला तलाठी सरकारी नोकर. त्याची बदली होते, मुलगा भलत्याच धंद्यात जातो. बदलीच्या नोकरीतून आडनाव निपजणे कठीण.

दरबारी पदांची गंमत आणखी वेगळी. फडणीस, चिटणीस, सबनीस, पारसनीस, पोतनीस या सगळ्यांच्या शेपटाशी असलेला ‘नीस’ म्हणजे फारसी ‘नवीस’, लिहिणारा. फर्द, म्हणजे हिशेबाचा कागद, लिहिणारा तो फर्दनवीस, म्हणजे आपला फडणवीस. चिठ्ठ्या लिहिणारा चिटणीस, यात अर्धा शब्द आपल्याकडचा आणि अर्धा फारसी. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी पदनामांना संस्कृत पर्याय दिले. मुजुमदाराचा अमात्य झाला, वाकनीसाचा मंत्री झाला. पण दाराच्या पाटीवर मुजुमदार आणि वाकनीस आजही वाचायला मिळतात. दरबाराची भाषा हुकुमाने बदलता येते, घराण्याच्या नावापुढे हुकुमाचे फारसे चालत नाही.

भाषा अभ्यासणाऱ्यांना आडनावे आवडतात ती मुख्यतः यामुळेच. बोली पुढे सरकते आणि नावात जुने थर गोठून राहतात, किंवा उलट, संस्कृत शब्द लोकांच्या तोंडात कसा झिजला त्याचा नमुना नावात सापडतो. ज्योतिषीचा जोशी झाला. शब्दाच्या सुरुवातीचा य आपल्याकडे ज होतो: यात्रेची जत्रा, योग्याचा जोगी, तसाच यादवाचा जाधव. मधला ‘ध्य’ घ्या. संध्येची सांज, वंध्येची वांझ, आणि घराच्या मध्यावरचे ते माजघर. आता हाच नियम ‘उपाध्याय’ला लावून बघा. उत्तरेत त्याचा ओझा झाला, मिथिलेत आणखी झिजून नुसता झा उरला. आपल्याकडे तोच शब्द दुसऱ्या टोकाने कापला गेला आणि पाध्ये झाला. कोकणातले पाध्ये आणि दरभंग्याचे झा शेजारी बसले, तर एकमेकांच्या आडनावात एकही अक्षर सारखे सापडणार नाही, तरी शब्द एकच.

मोरे, चव्हाण, कदम, शेलार यांच्या मागे मौर्य, चाहमान, कदंब, शिलाहार ही राजकुळांची नावे सांगतात. ध्वनींच्या दृष्टीने ते पटते. इ. स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात कोकणच्या मौर्यांचा उल्लेखही आहे. पण शब्द मौर्यांपासून आला म्हणून रक्तही तिथूनच आले, असे होत नाही. राजाचे नाव त्याचे सैनिक घेतात, आश्रित घेतात, शेजारीसुद्धा घेतात. घराण्यांच्या बखरी वाचताना ही चाळणी जवळ असलेली बरी.

रक्ताचा विषय निघालाच आहे, तर थोडे गणित. इंग्लंडमधली बडी घराणी नामशेष होताना पाहून फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाला प्रश्न पडला, की आडनावे मरतात कशी? त्याने हेन्री वॉटसन या गणिती पाद्र्याला सोबत घेतले आणि १८७४ मध्ये दोघांनी उत्तर मांडले. ते घरी करून बघता येते. दोन नाणी घ्या. प्रत्येक पुरुषासाठी दोन्ही एकदम उडवा. जितके छापे, तितके मुलगे. सरासरी एक मुलगा पडतो, म्हणजे लोकसंख्या ना वाढणारी ना घटणारी. आता शंभर वेगवेगळ्या आडनावांचे शंभर पुरुष घेऊन सुरुवात केली, तर दोन्ही काटे पडल्यामुळे पहिल्याच पिढीत साधारण २५ आडनावे बुडतात. पाचव्या पिढीपर्यंत ६० जातात, दहाव्या पिढीपर्यंत ७४. रोगराई नाही, लढाई नाही, नुसता छापा-काटा. मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर दहा जणांपासून सुरुवात केली होती. चौथ्या पिढीत सहा घराणी आटोपली आणि उरलेल्यांतल्या एकाचा इतका विस्तार झाला की नाणी उडवून हात दुखायला लागला. (आडनाव बुडाले म्हणजे वंश बुडाला असे नाही. मुलींची लेकरे असतात, ती या हिशेबात धरलेलीच नाहीत.)

वॉटसनची एक चूक झाली. सगळीच आडनावे कधी ना कधी मरणार, असे त्याने काढले. सरासरी एकाहून जास्त असेल तर काही कायमची तगतात. चूक पुढे दुरुस्त झाली आणि हेच गणित अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनांच्या साखळीला आणि नव्याने उपजलेल्या जनुकाच्या नशिबालाही लागू पडले. चीनमध्ये आडनावांची रीत फार जुनी, त्यामुळे ही नाणी तिथे दोन हजारांहून जास्त वर्षे उडत आहेत. आज वांग, ली आणि झांग या तीनच आडनावांत तिथले वीस टक्क्यांहून जास्त लोक मावतात. जपानात आडनाव सक्तीचे झाले १८७५ मध्ये. तिथे एक लाखाहून जास्त आडनावे आहेत, त्यांना मरायला अजून वेळच मिळालेला नाही.

वाय गुणसूत्रही आडनावासारखेच बापाकडून मुलाकडे जाते. २००० साली ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी आपल्याच आडनावाचे पुरुष गोळा करून तपासले, तर जवळजवळ निम्म्यांचे वाय गुणसूत्र एकाच घडणीचे निघाले. पण स्मिथ, म्हणजे लोहार, अशा सरसकट आडनावात हे जमत नाही, कारण लोहार गावोगाव होते. आपल्या पाटलांचे तेच. चाळीस हजारांहून जास्त गावांच्या राज्यात दोन पाटील भेटले तर ते भाऊबंद असण्यापेक्षा नसण्याचीच शक्यता मोठी. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत तर बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीचे किंवा धर्मपित्याचे आडनाव मिळाले. फर्नांडिस म्हणजे फर्नांडोचा मुलगा, रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा. बार्देशातल्या फर्नांडिसांच्या घराण्यात फर्नांडो नावाचा पूर्वज शोधायला जाऊ नये.

आणि आपले बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. कोकणच्या किनाऱ्यावर घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून ‘शनिवार तेली’. मुंबईतले पहिले सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, १७९६ मध्ये मांडवीत बांधले ते सामाजी हसाजी दिवेकर यांनी. हे नाव सावकाश वाचावे. हिब्रू शमुएलला आपला ‘जी’ लागून सामाजी, यहेज्केलला लागून हसाजी, आणि शेवटी कोकणातले दिवे गाव. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. तिथे अश्दोदला, लोदला, दिमोनाला किहीमकर, पेणकर, रोहेकर ही नावे गेली, चेऊलकरही गेले. रेवदंड्याशेजारच्या ज्या गावाला आपण आता चौल म्हणतो, जुन्या मराठी कागदांत ते चेऊल आहे. गावाने तो उच्चार कधीच टाकून दिला.