तीनचाकी सायकलीसाठी एडिप योजनेत अर्ज: पात्रता, कागदपत्रं आणि मोजमापाचा दिवस

माझ्या थोरल्या भावाला पहिली सरकारी तीनचाकी मिळाली तेव्हा आम्ही गल्लीत पेढे वाटले होते. पंधरा दिवसांत ती सायकल ओसरीला लागली ती तिथेच राहिली. दादाच्या उजव्या खांद्यात लहानपणापासून जोर नाही आणि आलेली सायकल उजव्या हाताने फिरवायची होती. मोजमापाच्या दिवशी तो तापाने फणफणला होता, म्हणून कागद घेऊन मीच गेले. कोणता हात चालतो, हे तिथे कुणी विचारलं नाही आणि सांगायचं मलाही सुचलं नाही. त्याच कारणासाठी दुसरं साधन मिळायला पुढे तीन वर्षं थांबावं लागलं.

तेव्हापासून ओळखीपाळखीतल्या बऱ्याच जणांचे अर्ज भरले. बहुतेकांचं सगळं लक्ष कागदांवर असतं. कागद लागतातच, पण सायकल अंगाला बसली नाही तर त्या कागदांनी काय साधलं? म्हणून इथे दोन्ही सांगते.

योजना कोणती

केंद्र सरकारची ही योजना 1981 पासून सुरू आहे. दिव्यांग व्यक्तींना सहाय्यक साधनं घेण्यासाठी आणि बसवण्यासाठी मदत, असं तिचं स्वरूप. सगळे तिला ‘एडिप’ म्हणतात. ती केंद्राच्या दिव्यांगजन सशक्तीकरण विभागाकडे आहे. साधनं बनवण्याचं आणि वाटपाचं मोठं काम कानपूरची अलिम्को ही सरकारी कंपनी करते. ही कंपनी 1972 साली स्थापन झाली. जिल्ह्यात शिबिर लागतं तेव्हा बहुधा तिचीच माणसं मोजमापाला येतात. जिल्हा प्रशासन, जिल्हा परिषदेचा समाजकल्याण विभाग आणि जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्र यांची त्यांना साथ असते.

साठी ओलांडलेल्या माणसांची इथे एक गल्लत होते. ज्येष्ठांसाठी 2017 पासून राष्ट्रीय वयोश्री योजना वेगळी आहे. तिच्यात काठी, वॉकर, व्हीलचेअर, चष्मा, कवळी अशी साधनं मिळतात. तीनचाकी हवी असेल तर एडिपमध्येच नाव नोंदवा.

कोण पात्र

अर्जदार भारताचा नागरिक हवा आणि दिव्यांगत्व किमान 40 टक्के हवं. हाताने चालवायच्या सायकलीसाठी एवढ्या टक्केवारीवर विचार होतो. अर्थात, साधनाची खरोखर गरज आहे असं तपासणाऱ्याचं मत पडलं तर.

उत्पन्नाच्या दोन पायऱ्या आहेत. महिन्याचं उत्पन्न 22,500 रुपयांपर्यंत असेल तर पूर्ण मदत मिळते, 22,501 ते 30,000 असेल तर निम्मी. तहसीलचा दाखला वर्षाच्या आकड्यात येतो. म्हणजे तुम्ही 2,70,000 आणि 3,60,000 हे दोन आकडे डोक्यात ठेवायचे. अर्जदार आई-वडिलांवर किंवा पालकांवर अवलंबून असेल तर त्यांचं उत्पन्न धरलं जातं.

तिसरी अट पेढे वाटायच्या आधी वाचण्यासारखी आहे. मागच्या तीन वर्षांत त्याच कारणासाठी सरकारकडून, स्थानिक संस्थेकडून किंवा स्वयंसेवी संस्थेकडून साधन घेतलेलं नसावं. बारा वर्षांखालच्या मुलांना ही अट एकच वर्षाची, कारण मुलं वाढतात. मोठ्यांसाठी तीन वर्षं म्हणजे तीन वर्षं. “फुकट मिळतंय, घेऊन टाकू, नंतर बॅटरीची घेऊ” असा विचार करून अनेक जण अडकलेले मी पाहिलेत. शिबिरात हातात पडेल ते घेऊ नका. आपल्याला काय लागतं ते घरून ठरवून जा.

बॅटरीच्या सायकलीच्या अटी याहून कडक आहेत. वय 16 पूर्ण हवं. दिव्यांगत्व गंभीर, म्हणजे व्यवहारात 80 टक्के किंवा जास्त, धरलं जातं. पाठीच्या कण्याची इजा, स्नायूंचा क्षय, सेरेब्रल पाल्सी, पक्षाघात अशा कारणांनी तीन-चार अवयव किंवा शरीराची एक बाजू निकामी झालेल्यांसाठी ही तरतूद आहे. मानसिक क्षमतेवर परिणाम झालेला असेल तर अपघाताच्या भीतीने ही सायकल देत नाहीत. केंद्राचं अनुदानही ठरलेल्या कमाल रकमेपुरतंच असतं. वरचे पैसे खासदार निधीतून, एखाद्या कंपनीच्या सीएसआरमधून (सामाजिक कामांसाठीच्या निधीतून) किंवा लाभार्थ्याच्या खिशातून येतात. नोंदणी करतानाच सरळ विचारा, “वरची रक्कम कोण भरणार?” आणि ही सायकल पुन्हा मिळण्याचा कालावधी साध्या सायकलीपेक्षा बराच मोठा असतो.

सगळ्यात आधी यूडीआयडी

जुनं, हाताने लिहिलेलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं सर्टिफिकेट घेऊन लोक पहाटेपासून रांगेत उभे राहतात आणि दुपारी परत पाठवले जातात. बघवत नाही ते. 1 एप्रिल 2023 पासून केंद्राच्या योजनांसाठी यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं वैश्विक ओळखपत्र, लागू झालं आहे. कार्ड अजून हातात नसेल तर निदान त्याच्या अर्जाचा नोंदणी क्रमांक हवा, आणि तो स्वावलंबन पोर्टलवर अर्ज केल्याशिवाय मिळत नाही.

अर्ज घरून मोबाइलवर भरता येतो, नाहीतर आपले सरकार सेवा केंद्रातून. आधार, फोटो आणि राहण्याचा पुरावा लागतो. मग जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात तपासणी होते. जाताना जुने एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेचे कागद सगळं न्या. पोलिओचा पाय डॉक्टरांना दिसतो, पण मणक्याची इजा कोणत्या पातळीवर आहे हे कागदावरूनच लवकर कळतं.

कार्डाच्या पट्टीचा रंगही कामाचा आहे. 40 टक्क्यांच्या खाली पांढरा, 40 ते 79 पिवळा, 80 आणि त्यावर निळा. शिबिरातला माणूस रंग बघूनच तुम्हाला एका टेबलाकडे पाठवतो. टक्केवारी कमी लागली असं वाटत असेल तर दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 च्या कलम 59 खाली अपील करता येतं. ते शिबिराच्या कितीतरी आधी करा. शिबिराच्या मांडवात टक्केवारीवरून वाद घालून हाती काही लागत नाही, तिथल्या माणसाला ती बदलण्याचा अधिकारच नसतो.

पिशवीत काय काय

यूडीआयडी कार्ड, आधार, उत्पन्नाचा दाखला, पासपोर्ट आकाराचे फोटो आणि चालू मोबाइल नंबर. एवढ्यावर एडिपची नोंद होते. प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स आणि मूळ प्रती सोबत ठेवा. रेशन कार्डही पिशवीत असू द्या, दारिद्र्यरेषेखालचं असेल तर नक्कीच.

उत्पन्नाच्या दाखल्याला वेळ लागतो. तलाठ्याकडून उत्पन्नाचा अहवाल, मग सेवा केंद्रातून अर्ज, मग तहसीलदारांची सही. दाखल्याची मुदत त्याच्यावरच छापलेली असते. मार्चअखेरीस संपणारा दाखला घेऊन एप्रिलच्या शिबिराला जाऊ नका.

नावाचं मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. आधारवर वडिलांचं नाव मध्ये, यूडीआयडीवर आडनाव आधी, दाखल्यावर घरगुती नाव, असा घोळ मी इतक्यांदा पाहिलाय की आता अर्ज भरायला बसले की पहिल्यांदा तिन्ही कागद शेजारीशेजारी ठेवून बोट फिरवत अक्षर न् अक्षर वाचते. बायकांच्या बाबतीत माहेरचं आणि सासरचं नाव हा हमखास अडथळा. आधारवरचं नाव प्रमाण धरून बाकीचे कागद दुरुस्त करून घ्या.

मोजमापाचा दिवस

ज्याला सायकल हवी त्यानेच गेलं पाहिजे. कितीही त्रास झाला तरी. गाडी ठरवावी लागली तर ठरवा, त्या दिवशी जमत नसेल तर पुढच्या शिबिराची वाट बघा, पण कागद दुसऱ्याच्या हाती देऊन पाठवू नका. आमच्या घरात जे झालं ते तुमच्याकडे नको.

दुसऱ्या वेळी दादा स्वतः आला तेव्हाचं आठवतं. तपासणाऱ्या मुलाने त्याला लाकडी बाकावर बसवलं, पाठ टेकवायला सांगितली, आणि टेपने कुल्ल्यापासून गुडघ्यापर्यंत, मग गुडघ्यापासून टाचेपर्यंत माप घेतलं. नंतर नमुन्याच्या सायकलीवर बसवून म्हणाला, “काका, फिरवा जरा.” दादाने डाव्या हाताने हँडल धरलं. पहिले दोन फेरे नीट गेले, तिसऱ्याला खांदा वर उचलला गेला. त्या मुलाने तेवढं टिपलं, सीट थोडी पुढे घेऊन पुन्हा फिरवायला लावलं आणि फॉर्मवर डाव्या हाताची खूण केली. पाच मिनिटांचं काम, पण त्याच पाच मिनिटांमुळे दादा आज स्वतः बाजारात जातो.

तुम्हाला असं कुणी तपासलं नाही तर तुम्ही मागून घ्या. कोणता हात चालतो, तो किती वेळ दमत नाही, आधाराशिवाय बसता येतं का, पायात संवेदना आहे का, खुर्चीवरून सायकलीवर स्वतः सरकता येतं का की दोन माणसं लागतात, हे सगळं तोंडाने सांगा. घराच्या दाराची रुंदी आणि बोळाचं माप चिठ्ठीवर लिहून न्या. तीनचाकी ही व्हीलचेअर नव्हे, ती घरात फिरत नाही, बाहेरच राहते. ती रात्री कुठे उभी राहणार? पावसात वर काय? बॅटरीची असेल तर चार्जरचा प्लग तिथवर पोचतो का? पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या एका ताईंची बॅटरीची सायकल केवळ जिन्याखाली वीज नव्हती म्हणून महिनाभर पडून होती.

बॅटरीचीच हवी हा हट्टही एकदा तपासून बघा. दोन्ही हात दणकट असतील आणि रस्ता सपाट असेल तर हाताची सायकल बिघडते कमी, आणि गल्लीतल्या सायकलवाल्याकडे दुरुस्त होते. चढाचा रस्ता, दुखरे खांदे, लांबचं कामाचं ठिकाण असेल तर बॅटरीशिवाय पर्याय नाही. बाजूला चाकं लावलेली स्कूटर ही आणखी वेगळी गोष्ट. ती मोटार वाहन आहे, तिला नोंदणी आणि लायसन्स लागतं, आणि तिची वाट आरटीओतून जाते.

शेवटी नोंदणीची पावती मिळते, तिचा लगेच मोबाइलवर फोटो काढा. साधन तयार होऊन वाटपाचं वेगळं शिबिर लागतं, निरोप त्याच नंबरवर येतो. मधल्या काळात सिमकार्ड बदलू नका.

एडिपबाहेरचे दरवाजे

महाराष्ट्रात ग्रामपंचायत, नगरपालिका आणि जिल्हा परिषद यांनी स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा असतो. त्यातून सायकल किंवा तिच्यासाठी अनुदान मिळू शकतं. तिथे बँक पासबुक, रहिवासाचा पुरावा, आधी लाभ घेतला नसल्याचं स्वयंघोषणापत्र आणि काही ठिकाणी ग्रामसभेचा ठराव असे जादा कागद मागतात. ग्रामसेवकाला तोंडी विचारू नका. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्ज दाबून ठेवला जातोय असं वाटलं तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयापर्यंत लेखी तक्रार नेता येते.

सायकल हातात आल्यावर

वाटपाच्या मांडवातून बाहेर पडण्याआधी तिच्यावर बसा. दोन्ही ब्रेक दाबा, हँडल पूर्ण वळवा, पाय ठेवायच्या पट्टीला टाच घासते का बघा. पायात संवेदना नसेल तर कडेचा एक उघडा बोल्टसुद्धा जखम करतो आणि ती कळतच नाही. सीटवर चांगली गादी घाला आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन शरीर क्षणभर उचला. बसून झालेली जखम महिनोन्महिने भरत नाही.

वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का तिथेच घ्या. फ्रेमवरचा क्रमांक वहीत लिहून ठेवा.

बॅटरी मरते ती बहुतेक वेळा रिकामी ठेवल्याने. वापर झाला की त्याच रात्री चार्जिंगला लावा. सायकल आठवडाभर वापरायची नसली तरी मधे चार्ज करा. सोबत आलेलाच चार्जर वापरा, इन्व्हर्टरचा नाही. टर्मिनलवर पांढरी पूड जमली तर आधी वायर काढा, मग कोरड्या फडक्याने पुसा. पावसाळ्यात कंट्रोलरच्या डब्यावर पाणी जाऊ देऊ नका आणि सायकल पाइपाने धुऊ नका.

हाताच्या सायकलीची साखळी पंधरवड्याला पुसून तेल घाला. जास्त ओतलं तर धूळ चिकटून साखळी लवकर झिजते. मागच्या दोन चाकांत हवा सारखी ठेवा, नाहीतर सायकल एका बाजूला ओढते आणि तो सगळा ताण खांद्यावर येतो. ब्रेकची केबल सैल झाली तर त्याच दिवशी आवळून घ्या. उतारावर सायकलीवरून खाली उतरायच्या आधी पार्किंग ब्रेक लावा, मगच अंग हलवा. दादा अजूनही ब्रेक लावला की एकदा चाक हाताने ढकलून बघतो, आणि मगच कुबडी खाली ठेवतो.