वृद्धांमधील कार्यकारी क्षमतेची चाचणी

कामाची आखणी करणे, लक्ष एका गोष्टीवरून दुसरीकडे वळवणे, चटकन सुचलेली चुकीची कृती आवरणे आणि माहिती मनात धरून तिच्यावर काम करणे या कौशल्यांना मिळून कार्यकारी क्षमता म्हणतात. तिची सूत्रे मुख्यतः मेंदूच्या ललाटखंडाकडे (कपाळामागच्या भागाकडे) आणि त्याला खोलवरच्या भागांशी जोडणाऱ्या तंतुजालाकडे असतात. त्यामुळे मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या विकारातून येणाऱ्या स्मृतिभ्रंशात किंवा फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात (मेंदूचे पुढचे आणि कानांजवळचे भाग झिजून येणाऱ्या स्मृतिभ्रंशात) स्मरणशक्ती बऱ्यापैकी शाबूत असतानाच ही क्षमता ढासळलेली आढळते, आणि केवळ विसराळूपणा शोधणाऱ्या तपासणीतून असे रुग्ण निसटतात. १९७५ मध्ये आलेल्या ‘मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन’ या बौद्धिक क्षमतांच्या छोट्या चाचणीवर हाच आक्षेप घेतला जातो, २००५ च्या ‘मॉन्ट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट’मध्ये मात्र या क्षमतेसाठी स्वतंत्र प्रश्न आहेत.

‘ट्रेल मेकिंग’ चाचणीच्या पहिल्या भागात कागदावर विखुरलेले १ ते २५ आकडे क्रमाने रेषेने जोडायचे असतात, तर दुसऱ्या भागात आकडा आणि अक्षर आलटून पालटून घ्यायचे असते. थरथरता हात किंवा अधू नजर दोन्ही भागांना सारखीच नडते. म्हणून एका भागाला लागलेल्या नुसत्या वेळेपेक्षा दोन्ही भागांच्या वेळांमधला फरक अधिक बोलका ठरतो. १९३५ पासून प्रचलित असलेल्या स्ट्रूप चाचणीत निळ्या शाईत छापलेला ‘लाल’ हा शब्द न वाचता शाईचा रंग सांगावा लागतो. ‘फ्रंटल असेसमेंट बॅटरी’त सहा छोट्या कृती असून एकूण गुण १८ असतात.

घड्याळ काढण्याची चाचणी सर्वांत साधी दिसते, पण तिच्यातून बरेच काही उघड होते. अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगितल्यावर काही जण तबकडी आणि आकडे नीट काढतात, मात्र एक काटा अकरावर आणि दुसरा थेट दहावर नेऊन ठेवतात. दहा मिनिटांसाठी काटा दोनवर हवा हे त्यांना ठाऊक नसते असे नाही. ‘दहा’ हा शब्द कानावर पडताच हात त्या आकड्याकडे ओढला जातो आणि ती ओढ आवरत नाही. गुणपत्रिकेत इथे फक्त गुण कमी झालेला दिसतो, म्हणून अनुभवी परीक्षक चुकीचे स्वरूपही टिपून ठेवतो.

गुणांचा अर्थ लावताना शिक्षण विसरून चालत नाही. वर्णमालेचा क्रम ज्याच्या कधी अंगवळणीच पडला नाही, त्याचा ‘ट्रेल मेकिंग’मधील संथपणा आजाराचा पुरावा ठरत नाही. मॉन्ट्रियल चाचणीत बारा वर्षे किंवा त्याहून कमी शिक्षण झालेल्यांना एक गुण वाढवून देतात. निरक्षर व्यक्तीच्या बाबतीत ही भरपाई तोकडीच म्हणावी लागेल. नैराश्य, कमी ऐकू येणे आणि झोपेची औषधे यांमुळेही गुण घसरतात.

शांत खोलीत काम कधी सुरू करायचे, काय करायचे आणि कुठे थांबायचे हे परीक्षकच सांगतो. त्यामुळे तिथे बरे गुण मिळवणारी व्यक्ती घरी औषधांच्या वेळा किंवा पैशांचे व्यवहार सांभाळताना गोंधळलेली असू शकते. म्हणून सोबत राहणाऱ्या माणसाची स्वतंत्र मुलाखत हा या तपासणीचाच भाग मानला जातो.